आमच्या सुनेनं जाळी रोवली

आमच्या तांड्यावर पाहुणा आला की आधी पाणी द्यावं, मग चहा विचारावा, अशी रीत आहे. मी तिच्यात थोडा बदल केला आहे. पाणी देतो, आणि तांब्या पाहुण्याच्या हातात असतानाच त्याला घरामागे घेऊन जातो. तिथे आमच्या सुनेची जाळी आहे. जाळी म्हणजे कोंबड्यांना दिवसभर मोकळं फिरायला केलेलं आवार. पण केवढं, तर बैलगाडी आत नेऊन बैलांसकट वळवून बाहेर काढता येईल एवढं. चारी अंगांनी तारेची जाळी, वरून मासे धरणाऱ्यांकडून आणलेलं जुनं जाळं, मधोमध बोरीचं झाड, आणि झाडाखाली राखेचा खड्डा. त्या राखेत कोंबड्या अंग घुसळून अशा पसरलेल्या असतात, जशा लग्न लागल्यावर दमलेल्या वरमाया. पाहुणा "चांगलं केलं" म्हणतो आणि मागे फिरू लागतो. मी त्याचा दंड धरतो. खांब पाहायचे राहिलेले असतात.

माझी बायको गोमतीबाई म्हणते, परवा एक बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आला होता, त्याला तुम्ही खांब हलवायला लावले. लावले. आणखीही लावीन. जाडजूड माणूस होता, अंगाचा भार टाकून पाहिलं त्यानं. खांब हलला नाही.

मी बाबूसिंग. मानोऱ्यापासून थोडं आत आमचा तांडा आहे. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. आमचे गुरुजी म्हणायचे, बाबू, शाळा सुटते पण तुझी गोष्ट सुटत नाही. घरात आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो, पण इथे लोकांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला अडायचं नाही. आणि ही गोष्ट माझी नाही, उज्ज्वलाची आहे. माझ्या मुलाची, नवीनची, ती बायको.

उज्ज्वला लग्न होऊन आली तेव्हा सामानात एक डालं होतं. कोंबडी झाकायची बांबूची टोपली असते ना, ते. भांड्यांवर कापड टाकलं होतं, डाल्यावर नव्हतं. आत एक करडी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मान वाकडी करून आमच्या घराकडे पाहत होती. उज्ज्वलाच्या आईनं ती दिली होती. म्हणाली होती, नवऱ्याच्या घरी तुझं ऐकणारं एक तरी कोणी असू दे.

त्या एका तलंगेच्या पावसाळाभरात किती झाल्या ते मी सांगत नाही, लोक म्हणतात बाबूसिंग वाढवून सांगतो. एवढंच सांगतो की सकाळी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तर आधी "हुश" म्हणावं लागे. उज्ज्वलाच्या हाताला गुण होता. अंडी उबवायला आलेली खुडूक कोंबडी कोणती बसेल आणि कोणती अर्ध्यातून उठेल, हे ती कोंबडीच्या डोळ्याकडे पाहून सांगे. पिल्लांना पाणी द्यायच्या ताटलीत खडे टाकायची, म्हणजे पिल्लू पाणी पिईल, पण बुडणार नाही. आमच्या तांड्यावर कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण ताटलीत खडे टाकलेले मी तिच्याच हातचे पाहिले.

पण आमच्या तांड्याची एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दसरा-दिवाळी झाली की गाड्या येतात आणि तांडा ऊसतोडीला निघून जातो. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, आणि त्या दोघांच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मागे राहतात म्हातारे, कुत्रे आणि कुलपं. आता म्हाताऱ्यांनी कोंबड्यांमागे कुठवर पळायचं? इकडे मुंगूस, तिकडे घार, आणि कोंबडी शेजाऱ्याच्या वावरात गेली तर शेजारी. म्हणून गाडी यायच्या आधी कोंबड्या मोडायच्या. म्हणजे काही मानोऱ्याच्या बाजारात विकायच्या आणि उरलेल्या गाडी निघायच्या आदल्या दिवशी चुलीवर. त्या दिवशी सगळ्या तांड्यावर एकच वास सुटतो. पोरं खूश असतात.

पहिल्या साली उज्ज्वलानं भाकर घेतली, मिरचीचा ठेचा घेतला आणि बाजूला जाऊन बसली. उन्हाळ्यात दोघं उसावरून परत आले, तर ती आधी माहेरी जाऊन आली आणि डाल्यात नवी तलंग घेऊन आली. पुन्हा पिल्लं, पुन्हा दसरा, पुन्हा ठेचा. असं दरसाल. एकदा गोमतीबाई मला म्हणाली, ही पोरगी कोंबड्या पाळत नाही, दरसाल लेकीची पाठवणी करते.

आणि कामाला कमी होती म्हणाल तर तसंही नाही. तिनं बांधलेली उसाची मोळी गाडीत चढवताना कधी सुटली नाही. आमचा मुकादम लखीराम सगळ्यांसमोर सांगायचा, की नवीनचा कोयता चालतो तो बायकोच्या हातावर. नवीनला राग यायचा नाही. खरंच होतं ते.

मागच्या पावसाळ्याची गोष्ट. पोळा जवळ आला होता. जेवताना उज्ज्वलानं भाकरीची पाटी खाली ठेवली आणि नवीनला म्हणाली, "औंदा कोंबड्या मोडायच्या नाईत. मी घरी राह्यते."

नवीन हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसलं नाही. त्यानं विचारलं, मी एकटा अर्धा कोयता घेऊन जाऊ का. मुंगूस काय तुझा भाऊ लागतो का. अन् शेषराव काका रोज दारात येतील त्याचं काय. बोलण्यात त्याचं चुकत नव्हतं. त्याच महिन्यात मुंगसानं दोन चांगल्या कोंबड्या नेल्या होत्या. आणि शेषरावचं तर विचारूच नका. आमच्या घरामागे त्याचं वावर लागतं. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि बाजाराला नेतो. आमच्या कोंबड्यांनी त्याच्या सांबाराचे वाफे इतक्यांदा उकरले, की तो मला म्हणे, "बाबूभाऊ, तुमी कोंबड्या नाई पाळल्या, नांगर पाळले."

उज्ज्वला म्हणाली, मोठी जाळी करू. कोंबड्या आत, मुंगूस बाहेर, काकाचा सांबार काकाजवळ. खुराड्यात कोंडून ठेवली तर कोंबडी खंगते, पण मोठ्या जाळीत तिला कळणारही नाही की ती आत आहे. अंडी, पिल्लं, तलंगा, सगळं बाजाराला जाईल. आणि आमचं जे वावर दरसाल दुसऱ्याच्या हाती देऊन जातो, त्यात नवीननं या वेळी स्वतः हरभरा पेरावा.

नवीननं बराच वेळ भाकर कुस्करली. मग म्हणाला, "पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पाहू. मुंगसानं एक बी कोंबडी नेली, नाई तं शेषराव काकाची एक बी तक्रार आली, का सगळ्या विकायच्या अन् गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. "अन् नाई आली तं?"

"तं मी बी गाडीत बसत नाई."

झालं. दसऱ्याला मुकादमाला शब्द द्यायचा असतो. मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल आम्ही अजून घेतली नव्हती, म्हणजे हात मोकळे होते. दसऱ्यापर्यंत ती जाळी टिकते की नाही, यावर आमच्या सुनेचं घरी राहणं ठरणार होतं.

नवीन कारंज्याहून जाळीचं भेंडोळं घेऊन आला. एसटीत मागच्या सीटवर ते शेजारी बसवलं होतं. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट पडन. नवीन म्हणाला, हे अजून पाच वर्षांचं झालं नाही. बांधावरच्या बाभळी-निंबाच्या बल्ल्या तोडून आणल्या आणि सगळं घर कामाला लागलं. उभारणी करायची तर आमच्या लोकांनी. दरसाल उसाच्या फडावर राहायला कोपी आम्हीच उभारतो. बांबू वाकवले, पाचट टाकलं, दोरी मारली, घर तयार. माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यानं मला विचारलं होतं, काय येतं? मी म्हटलं, चहा ठेवा. चहाला उकळी यायच्या आत मी कोपी उभी केली होती. गोमतीबाई म्हणते, चहा ठेवायलाच वेळ लागला होता. पण कोपी उभी होती की नाही?

तर तसंच झालं. सकाळी सुरुवात केली आणि भाकरीच्या वेळेपर्यंत जाळी उभी. खांब रोवले, दोरीनं जाळी ताणली, वरून मासोळ्यांचं जाळं टाकलं. कोंबड्या आत सोडल्या. नवीन-उज्ज्वलाच्या लेकीनं, माझ्या नातीनं, दाराशी पाण्याचं डबडं ठेवलं. मी खाट तिकडेच नेली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. ती चूक दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. कोपी बांधणाऱ्याचा हात एकच गोष्ट शिकलेला असतो, की हे पुढे सोडायचं आहे. फड सरला की मुकादम हाक मारतो आणि अर्ध्या तासात सगळं गुंडाळून पुढच्या फडावर. म्हणून आम्ही खांब वीतभरच रोवतो, उपटायला सोपा पडावा म्हणून. आणि गाठ मारतो ती सुरगाठ. एक शेंडा ओढला की सुटली पाहिजे. नवीननं तीच मारली, उज्ज्वलानं तीच मारली, मीही तीच मारली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हाताला दुसरी गाठ येतच नव्हती.

गणपती बसले होते त्या आठवड्यात एका दुपारी वारा सुटला आणि मागोमाग पाऊस. नायलॉनची दोरी भिजली की तेल लावल्यासारखी होते. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली, आणि मग जाळी अशी पडली, अशी पडली, की कुठे तुटणं नाही, फाटणं नाही. एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे शिस्तीत आडवी झाली. जसं मुकादमानं हाक दिली आणि तिनं बिऱ्हाड आवरलं. मी पाहत होतो. इतकी सुंदर मोडलेली कोपी मी फडावरसुद्धा पाहिली नव्हती.

कोंबड्या कुठे गेल्या ते सांगायला नको. पाऊस थांबायच्या आत शेषराव दारात. दोन्ही काखांत एकेक कोंबडी, धोतराला चिखल. नवीन उठून उभा राहिला. गोमतीबाई जमिनीकडे पाहू लागली. शेषराव तोंड उघडणार, तेवढ्यात उज्ज्वला पुढे आली आणि म्हणाली, "काका, तक्रार असन तं सांगून द्या. शब्द झाला हाये."

"कसला शब्द व?" शेषराव म्हणाला.

ती सांगेना, म्हणून मी सांगितलं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, मुंगूस, तक्रार, गाडी, सगळं. शेषराव ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं एकदा आडव्या पडलेल्या जाळीकडे पाहिलं, एकदा उज्ज्वलाकडे. त्याच्या काखेतली एक कोंबडी त्याच्या मनगटाला टोचा मारत होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"तक्रार?" तो म्हणाला. "कोनं केली तक्रार? ह्या दोघी रस्ता चुकल्या होत्या, पोचवून द्याले आलो. चहा ठेवता का जाऊ?"

त्या दिवशी गोमतीबाईनं चहात इतकी साखर टाकली की चमचा उभा राहिला असता. शेषरावनं पूर्ण पिला. जाताना मात्र दाराशी थांबला आणि उज्ज्वलाला म्हणाला, "पोरी, या खेपेले मी आंधळा झालो. दुसऱ्या खेपेले मले दिसन."

नवीननं मानलं ते. शेषराव तक्रार नाही म्हणतो तर नाही. पण दसऱ्याला अजून दिवस होते, जाळी जमिनीवर होती आणि बोरीखाली बसलेला प्रत्येक जण हेच म्हणत होता की पुन्हा उभारू, जरा घट्ट बांधू. उज्ज्वला तेवढ्यात पडलेल्या खांबांचे वीतभर बुडखे पाहत फिरत होती.

सकाळी मी उठलो तर घरामागून ठण ठण आवाज. ती सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खड्डा करत होती. आमच्या मागच्या अंगाला वरती माती आहे, खाली मुरूम. मुरमावर सब्बल पडली की हात झिणझिणतो. एक खड्डा तिनं गुडघ्याएवढा केला होता आणि दुसऱ्याला लागली होती. मी म्हटलं, एवढं खोल कायले व? बल्ली काढाची म्हटली तं निंघन का?

तिनं सब्बल टेकवली. कपाळाचा घाम पदरानं पुसला. "मामाजी," ती म्हणाली, "आपुन आजवर जे बांधलं ते सोडासाठी बांधलं. हे सोडाचं नाई."

मी खड्ड्यातला खोदलेला मुरूम वाटीनं बाहेर काढायला बसलो.

नवीन दुसऱ्याच्या सोयाबीनवर फवारणी करून दुपारी आला. पाठीवरचा पंप उतरवला आणि उभा राहून पाहिलं. एका ओळीत खड्डे. तिच्या दोन्ही तळहातांना फोड. त्यानं तिच्या हातातून सब्बल घेतली आणि पुढचा खड्डा सुरू केला. मग उज्ज्वलानं विस्तव केला आणि एकेका बल्लीचा बुडखा त्यात धरून काळा कोळसा होईपर्यंत जाळला, म्हणजे उधई-वाळवी लागत नाही. बल्ली खड्ड्यात उभी केली, भोवती दगड ठासले, मुरूम ओतला, पाणी मारलं, पुन्हा ठासलं. दोरी बाजूला टाकली. नवीननं तार आणली. पक्कडीनं जाळी खांबाला आवळली, पीळ दिला आणि उरलेला शेंडा कापून टाकला. प्रत्येक जागी तेच. आवळायचं, पीळ द्यायचा, शेंडा कापायचा. आमच्या घराण्यात पहिली निरगाठ त्या दिवशी पडली, आणि मी तिथे हजर होतो.

आता वारा काय करणार? वारा आला, गेला. पण मुंगूस वाऱ्यासारखं मूर्ख नसतं.

जाळीचा खालचा काठ आम्ही मातीत थोडा पुरला होता. एका दुपारी उज्ज्वला दाणे टाकायला गेली तर जाळीच्या बुडाशी उकीर काढलेला. आत पोचायला चार बोटं उरली होती. नवीननं दगड भरले. दुसऱ्या दिवशी दगडाच्या शेजारी नवा उकीर. तिथे भरले तर पलीकडे. नवीन म्हणाला, जाळी सगळीकडून उपसून कमरेइतकी खाली पुरावी लागेल, आणि तेवढी जाळी कोणाजवळ आहे? बोलताना त्याचा आवाज उतरला होता. तोवर त्यालाही घरी राहायचं वाटू लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं. हरभऱ्याचं बियाणं कोणतं घ्यावं हे तो शेषरावला विचारून आला होता.

उज्ज्वलानं मला तुराट्यांच्या ताटीमागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. बोलायचं नाही म्हणाली. माझ्यासाठी हे केवढं कठीण, ते माझ्या ओळखीच्या माणसांना विचारा. ऊन कलतं झालं तेव्हा मुंगूस आलं. लांबट अंग, लाल डोळे, शेपूट जमिनीला घासत. सरळ जाळीपाशी गेलं, नाक जाळीला लावलं, आणि जिथे नाक लागलं तिथेच उकरायला लागलं. उज्ज्वलानं खडा मारून हाकललं. मग मला म्हणाली, दिसलं का मामाजी? ते मागं सरून उकरत नाही. नाक अडलं की तिथंच पाय चालवतं.

मला दिसलं होतं, पण त्याचं काय करायचं ते दिसलं नव्हतं. तिला दिसलं. उरलेली जाळी तिनं खाली पुरली नाहीच. ती बाहेरच्या बाजूनं जमिनीवर आडवी अंथरली, जसं उंबऱ्याबाहेर पोतं अंथरतो तसं. एक काठ उभ्या जाळीला तारेनं आवळला, वरून मुरूम आणि दगड. एका अंगाला जाळी पुरेना, तिथे बाभळीच्या काट्यांच्या फांद्या पुरून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मुंगूस आलं. नाक लावलं, उकरलं, नखं जाळीत अडकली. दोन पावलं बाजूला जाऊन उकरलं, तिथेही तेच. सगळ्या आवाराला फेरी मारली त्यानं. काट्यांपाशी एकदा पाय झटकला. शेवटी मागच्या दोन पायांवर उभं राहून आतल्या कोंबड्यांकडे पाहिलं. आतून आमचा तांबडा कोंबडा जाळीपाशी आला आणि त्याच्यासमोर पंख पसरून उभा राहिला. मी आयुष्यात पुष्कळ प्राणी पाहिले, पण मुंगसाचं तोंड उतरलेलं त्या दिवशीच पाहिलं. निघून गेलं ते. पुन्हाही यायचं, पण आमच्याकडे नुसती फेरी मारून पुढे जायचं, पोस्टमन ज्या घरचं टपाल नसतं तिथून जातो तसं.

दसऱ्याला लखीराम सोनं द्यायला आला. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, पाया पडला. नवीनला पानं दिली आणि विचारलं, गाडीत जागा धरतो, कोयता पक्का ना? शेषरावही आला होता. बाजेवर बसून पान कुटत होता. गोमतीबाई दारात उभी राहिली. उज्ज्वला घरातून बाहेर आली नाही, पण चुलीवरचं तिचं भांडं वाजायचं थांबलं होतं.

नवीन म्हणाला, चल, आधी दाखवतो. लखीराम आमच्यासारखाच कोप्यांचा माणूस. घरामागे गेला, आणि सवयीनं त्याचा हात पहिल्यांदा खांबावर गेला. हलवला. खांदा लावला. मग पायानं रेटलं.

"हे तं उपटतच नाई," तो म्हणाला.

"उपटाले रोवलंच नाई, काका," नवीन म्हणाला. "औंदा माया कोयता घरी राहीन."

लखीरामनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा सगळ्यात चांगला कोयता चालला होता, राग येणारच. म्हणाला, "मर्द मानूस अन् कोंबड्या राखत घरी बसतं?"

"कोंबड्या ती राखते," नवीन म्हणाला. "मी हरभरा पेरतो. अन् अंडे खातो."

शेषरावला पानाचा ठसका लागला. लखीरामही हसला शेवटी, हसावंच लागलं. आत चुलीवरचं भांडं पुन्हा वाजू लागलं. मी उज्ज्वलाला बाहेर बोलावलं आणि सोनं तिच्या हातात दिलं. आमच्याकडे सासरा सुनेला असं सगळ्यांसमोर सोनं देत नाही. मी दिलं.

पण गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर मी पाहुण्यांचे दंड धरत फिरलो नसतो. गाड्या यायच्या दोन दिवस आधी सकाळी दारात लखीरामचीच बायको कमलीबाई. पदराखाली काहीतरी फडफडत होतं. काळी कोंबडी काढली तिनं. म्हणाली, ही खुडूक आहे, हिला मोडवत नाही, तुझ्या जाळीत एवढी जागा आहे, ही खाऊन किती खाणार. उज्ज्वलानं कोंबडी हातात घेतली, पोट चाचपलं, डोळा पाहिला, आणि म्हणाली, "ही अर्धलीनं राहीन. अंडे माये, पिल्लं अर्धे तुमचे. कोंबडी तुमची तुमाले."

कमलीबाई गेली ती सगळ्या तांड्यावर सांगत गेली. दुपारपर्यंत रांग. कोणी डालं घेऊन, कोणी पिशवीत, कोणी कोंबड्याचे पाय दोरीनं बांधून उलटा. भुरीबाई म्हातारी लंगड्या कोंबडीला कडेवर घेऊन आली आणि पोरीला सासरी पाठवताना सांगावं तसं सांगू लागली, हिला थंडी सोसत नाही, हिला कोणी रागावू नका. उज्ज्वलानं लुगड्यांच्या चिंध्या फाडल्या आणि ज्या घरची कोंबडी त्या घरच्या रंगाची चिंधी पायाला बांधली. नात बाजूला बसून चिंध्या देत होती आणि कोणती कोणाची ते सगळ्यांत आधी तिला पाठ झालं. या साली गाडी निघायच्या आदल्या दिवशी तांड्यावर रश्श्याचा वास आला, नाही असं नाही. पण आला तो थोड्याच घरांतून.

लखीराम शेवटच्या गाडीत चढताना ओरडून म्हणाला, आता तांड्यावर दोन मुकादम झाले, एक माणसांचा आणि एक कोंबड्यांचा. उज्ज्वलानं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती लाजली असं मी म्हणणार नाही. तिला ते आवडलं होतं.

शेषराव आता रोज सकाळी वांग्यांचे किडके तुकडे, मेथीच्या काड्या जाळीच्या दारातून आत टाकतो आणि आठवड्याला कोंबड्यांच्या खताचं एक पोतं घेऊन जातो. म्हणतो, या खतानं सांबार असा वर आला की बाजारात बायका विचारतात, काय टाकता? तो सांगत नाही. मी सांगतो.

सध्या अडचण एकच आहे. तांड्यावरच्या बहुतेक घरचे कोंबडे एका जाळीत आले, आणि प्रत्येकाला वाटतं की घर माझंच आहे. काल लाल चिंधीवाल्यानं हिरव्या चिंधीवाल्याचा तुरा रक्तबंबाळ केला. उज्ज्वला काठी घेऊन मध्ये शिरली, दोघांना दोन काखांत मारलं आणि तशीच माझ्या खाटेपाशी आली. मी हेच लिहीत बसलो होतो.

"मामाजी," ती म्हणाली, "मधात एक आडवी जाळी टाका लागते. उठा, खड्डे करू. सब्बल कोठी ठेवली तुमी?"